न चढलेला रंग

१

बाइंडर गेला तो भर दुपारी, कामाच्या टेबलाखाली. एका जाड रजिस्टरची शिलाई अर्धी झाली होती आणि दाभण अजून दोऱ्याला लोंबकळत होतं. त्याची बायको जेवणाचा डबा परत न्यायला आली, तेव्हा अंग कोमट होतं. वय एकोणसाठ. अंगावर ना जखम, ना वळ.

संध्याकाळच्या गाडीने लेक आली. तिने रडण्याआधी बापाचे खिसे तपासले. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी निघाली, दहातल्या चार गोळ्या संपलेल्या. गोळ्या लघवी वाढवणाऱ्या होत्या. बापाला त्या कुणी लिहून दिल्या नव्हत्या. त्या होत्या त्याच्या बायकोच्या, पाय सुजायचे म्हणून दिलेल्या. आणि ही बायको लेकीची आई नव्हे. आई गेल्यावर बापाने चार वर्षांपूर्वी केलेली दुसरी.

लेकीने तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली.

शवविच्छेदन ज्यांनी केलं त्यांना सगळं रुग्णालय नुसतं ‘बाई’ म्हणे. तीस वर्षं त्या मेलेल्या माणसांची उत्तरं शोधत होत्या, आणि ‘कारण निश्चित नाही’ हे शब्द लिहायची वेळ आली की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नसत. या वेळी ती वेळ आली. हृदय चांगलं, मेंदू चांगला. मूत्रपिंडं ठीक, त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीही ठीक. पोटात थोडं जेवण आणि काही पिवळसर धागे. शेजारी लिहून घेणारे तंत्रज्ञ म्हणाले, या लोकांना दोऱ्याचं टोक दातांत धरायची सवय असते. त्या तंत्रज्ञांना सगळे ‘मास्तर’ म्हणत. पूर्वी ते शाळेत शिकवत, आणि अजूनही चूक दिसली की हात मागे बांधून उभे राहत.

पाच आठवड्यांपूर्वीचा एक रिपोर्ट मात्र बोलका होता. पायांत जोर नाही म्हणून बाइंडर दवाखान्यात आला होता. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलेलं, रक्तदाब बराच चढलेला. तिथल्या डॉक्टरने विचारलं होतं, लघवीच्या गोळ्या घेता का? बाइंडर नाही म्हणाला होता. त्याला आठवडाभराचं औषध देऊन घरी पाठवलं होतं.

म्हणजे लेकीचं म्हणणं पक्कं बसत होतं. सावत्र आई आपल्या गोळ्या त्याच्या जेवणात मिसळत होती. पोटॅशियम वाहून गेलं आणि एक दिवस हृदय थांबलं. खात्री करावी तर मेल्यावर रक्तातलं पोटॅशियम आपोआप चढतं, त्याचा भरवसा नाही. गोळीचा अंश शोधायला पाठवलेली रक्ताची बाटली वाटेत फुटली. मूत्राशय रिकामं होतं. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. बाइंडरचं आता या जगात उरलं होतं ते बाईंच्या कपाटातले मेणात बसवलेले मांसाचे दहा-बारा ठोकळे, बस.

तपास अधिकाऱ्याने फोन केला. माणूस सरळ होता, पण कामाने पिचलेला. आठ दिवस थांबतो, म्हणाला. त्यानंतर त्या बायकोला ताब्यात घ्यावं लागेल.

२

लेक बाईंच्या खोलीत आली ती कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. बसली, उठली, पुन्हा बसली. एका मालवाहू कंपनीत ती हिशेबनीस होती, आणि दुःखसुद्धा क्रमाने मांडत होती. बाबा सुरुवातीला खुश होते. मग गेल्या काही महिन्यांत सुकत गेले. फोनवर आवाज थकलेला. जिना चढताना पाय लटपटत. मावशींना विचारलं तर म्हणत, वय झालं.

सावत्र आईला ती मावशी म्हणायची. तोंडात शब्द बसला होता, मनात बसला नव्हता.

बाईंनी विचारलं, दुसऱ्या कुणाशी वैर? लेक म्हणाली, काका. धाकटा भाऊ. एकाच कारखान्यात काम करतात आणि दोन वर्षं बोलत नाहीत. पण काका भांडखोर आहे, लपून काही करणारा नाही.

मग ती मुलीकडे बघून जरा नरमली. बाबा चाळीस वर्षं सिगरेट ओढत होते. हिच्या जन्माच्या वेळी तिने बजावलं होतं, सिगरेट सुटेपर्यंत हिला तुमच्या हातात देणार नाही.

“आणि त्यांनी सोडली, मॅडम. नऊ महिने झाले. एकदाही हात लावला नाही. असा माणूस आपण होऊन मरेल का?”

बाईंनी मान हलवली. कशी सोडली, काय त्रास झाला, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे या न विचारलेल्या प्रश्नाची त्यांना बरेच दिवस रुखरुख लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाइंडरची बायको आली. हळू चालत आली आणि दारातच विचारलं, बसू का? पन्नाशीची, रुंद हाडाची, आयुष्यभर दुसऱ्यांची घरं सांभाळलेली बाई. पट्टीबद्दल तिने सांगितलं ते असं, की तिची औषधं नवराच आणायचा. गोळीचं नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून दुकानदाराला दाखवायला पट्टीच खिशात टाकून न्यायचा. चार गोळ्या तिनेच खाल्लेल्या.

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण लिहिणाऱ्याचं तोंड बघून कळतं ना, डॉक्टरबाई.”

तक्रार करणाऱ्या पोरीबद्दल ती एक वाकडा शब्द बोलली नाही. जाताना एवढंच म्हणाली, की तिचा बाप गेलाय, तिला कुणावर तरी रागवायला हवंय.

बाईंना ती खरी वाटली. पण खरी वाटणारी माणसं त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती.

३

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टोकांना दोन टेबलं. मध्ये पुठ्ठ्यांचे गठ्ठे, कापडाच्या गुंडाळ्या, खळीचं पातेलं. धाकटा भाऊ दारापाशी उभा राहिला, आत येईना. भांडण कशावरून, असं विचारल्यावर त्याने कोपऱ्यातली हाताने ओढायची कटर दाखवली. त्याला विजेवर चालणारी हवी होती. दादा म्हणाला, यंत्र आलं की हात मरतो. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद पडलं ते पडलंच. मग काम कसं चालायचं? चिठ्ठ्यांवर. कापड संपलं. शुक्रवारी माल द्यायचाय. चहा टेबलावर ठेवलाय.

“चहा कोण करायचं?” बाईंनी विचारलं.

“मीच. रोज दोनदा.” त्याच्या ध्यानात प्रश्न आला आणि त्याचा चेहरा उतरला. “बाई, मी त्याच्याशी बोलत नव्हतो. पण त्याला साखर किती लागते ते मला माहीत होतं.”

त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. मरणाच्या सकाळी दादाने त्याच्या टेबलावर ठेवलेली. मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मशीन बघून ये. तो बघायलाच गेला होता. परत आला तेव्हा दारात गर्दी.

बाई थोरल्याच्या टेबलापाशी गेल्या. अवजारं ओळीने लावलेली. सिगरेटच्या थाळीत आता टाचण्या. खिडकीत तीन बरण्या. एकीत दाभणं, एकीत खळ लावायचे ब्रश, खळ सुकून दगडासारखे झालेले. तिसरीत बोटभर लांबीचे बारीक ब्रश, लाकडी, टोकाला पिंजलेले. जाड कामाला मोठे आणि नाजूक कामाला छोटे असावेत, असं त्यांना वाटलं.

दादा गप्प असायचा का हो, असं त्यांनी जाताजाता विचारलं. भाऊ म्हणाला, गप्पच. पण तोंड कायम चालू. दोरा चावायचा की काय कोण जाणे. मी विचारणार तरी कसा? एवढं चिठ्ठीवर कोण लिहितं?

चहाची गोष्ट बाईंच्या डोक्यातून जाईना. आता संशयित दोन झाले होते आणि पुरावा एकही नव्हता.

४

परतीच्या प्रवासात त्यांना सुचलं, पुरावा कदाचित कपाटातच असेल.

मूत्रपिंडात लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीच्या दाराशी थोड्या पेशी पहारा देतात. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की या पेशी रेनिन नावाचं संप्रेरक सोडतात, म्हणजे शरीराला ‘मीठ धरा’ असा निरोप जातो. कुणी महिनोन् महिने लघवीच्या गोळ्या देत राहिलं, तर पहारेकऱ्यांना उसंत मिळत नाही. ते फुगतात आणि रेनिनने भरून जातात. रेनिनलाच चिकटणारा एक रंग असतो. मांसाच्या पातळ कापावर तो चढवला, की भरलेल्या पेशी तपकिरी दिसतात. काही किडनीविकार ओळखायला बाई तो वापरत. माणूस जाळला काय, पुरला काय, त्याच्या पहारेकऱ्यांची साक्ष मेणात शाबूत राहते.

त्यांनी मास्तरांना ठोकळा दिला. गोळ्या दिल्या असतील तर काच तपकिरी होईल, म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मास्तर हात मागे बांधून दारात उभे राहिले.

“बिघडलं, बाई. रंग चढलाच नाही.”

स्लाइडवर तपकिरी काहीच नव्हतं. गाळण्या निळसर दिसत होत्या, दारं रिकामी. मास्तरांनी पुन्हा केलं. नवी बाटली फोडली, वेळ वाढवला. पुन्हा कोरी. नोकरीच्या शेवटच्या वर्षी हात गेला असं म्हणतील लोक, म्हणून त्यांचं तोंड एवढंसं झालं.

तिसऱ्यांदा बाई स्वतः बसल्या. एकाच काचेवर त्यांनी दोन काप घेतले. एक बाइंडरचा. दुसरा पूर्वी गेलेल्या एका माणसाचा, ज्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली होती आणि रेनिन भरपूर असणार हे ठाऊक होतं. तोही शवविच्छेदनातलाच, मृत्यूनंतर तितक्याच तासांनी काढलेला. एकच रंग, एकच पाणी, एकच घड्याळ.

दुसऱ्या माणसाचे पहारेकरी गडद तपकिरी झाले. बाइंडरचे पुन्हा कोरे.

बाईंनी काच सरकवून दोन्ही काप पुन्हा एकदा पाहिले.

“मास्तर, तुमचं काही बिघडलेलं नाही. रंग बरोबर आहे. याच्यात चढण्यासारखं काही नाहीच.”

गोळ्या दिल्या असत्या तर भांडार भरलेलं हवं होतं. हे तर झाडून रिकामं होतं. आणि मग त्यांना दवाखान्याचा तो रिपोर्ट आठवला आणि स्वतःचाच राग आला. लघवीच्या गोळ्यांनी रक्तदाब उतरतो. याचा चढलेला होता. हे पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर होतं, आणि खिशातल्या पट्टीने सगळ्यांचेच डोळे बांधले होते.

बायको सुटली. चहावाला भाऊही सुटला. पण माणूस मेला होता.

बाईंनी कागद ओढून विचार सुरू केला. शरीरात मीठ साचतंय, पोटॅशियम वाहून जातंय, दाब चढतोय, आणि मीठ पुष्कळ झालं म्हणून पहारेकरी हातावर हात ठेवून बसलेत. म्हणजे मीठ धरायचा हुकूम दुसरीकडूनच येतोय. असा हुकूम बहुधा मूत्रपिंडावरच्या त्या टोपीसारख्या ग्रंथी देतात, एखादी गाठ झाली असली तर. पण त्या त्यांनी स्वतः कापून पाहिल्या होत्या. गाठ नव्हती. मग हुकूम शरीराबाहेरून आला. तोंडावाटे.

त्यांनी पोटातल्या धाग्यांची कुपी मागवली. मायक्रोस्कोपखाली त्या धाग्यांना दोऱ्याचा पीळ नव्हता. त्यात लाकडाच्या बारीक नळ्या होत्या, आणि नळ्यांभोवती पिठूळ दाणे. कुठल्यातरी झाडाचं मूळ.

खिडकीतली तिसरी बरणी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. मोठ्या ब्रशांवर खळ दगडासारखी सुकलेली. त्या छोट्यांवर मात्र खळीचा एक थेंबही नव्हता.

५

या वेळी कारखाना बायकोने उघडून दिला. बाईंनी बरणीतला एक ‘ब्रश’ उचलला. काडी आतून पिवळी होती, टोक दातांनी पिंजलेलं. नाकाशी नेली. गोडसर वास.

“ज्येष्ठमध,” बाइंडरची बायको म्हणाली. “सिगरेटची तलफ आली की चघळायचे. लगेच टाकून देत नसत. म्हणायचे, एवढ्या सिगरेटी वाचल्या, मोजायला राहू देत.”

बाईंनी विचारलं, दिवसाला किती? ती म्हणाली, आधी दोन-तीन. नंतर दहा, बारा. शेवटी तर तोंड रिकामं दिसायचंच नाही.

बाई स्टुलावर बसल्या आणि सावकाश समजावून सांगू लागल्या. घसा बसला तर एखादी काडी चघळावी, कुणाला काही होत नाही. पण नऊ महिने, रोज दहा-बारा? ज्येष्ठमधातल्या गोडीने शरीर फसतं. मीठ धरायचा हुकूम आलाय, असंच त्याला वाटत राहतं. ते मीठ धरतं आणि पोटॅशियम सोडतं. पाय लटपटतात. मग एक दिवस हृदयाचा ठोका चुकतो. दवाखान्यात गोळ्यांचं विचारलं, काड्यांचं विचारायला कुणाला सुचणार? औषध संपलं, काड्या चालूच राहिल्या.

बायको ऐकत होती. तिच्यावरचा आळ गेला होता, पण चेहऱ्यावर सुटकेचं नाव नव्हतं. तिने टेबलाखालचा खण ओढला. आत खाकी कागदाचे तुकडे होते, पार्सलाचे, नीट घड्या घालून ठेवलेले. नऊ. प्रत्येकावर एकाच हाताचं अक्षर.

“ती पाठवायची,” बायको म्हणाली. “दर महिन्याला एक भलीमोठी जुडी. बरोबर पोरीचा फोटो.”

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं.

“तिला हे कळायलाच हवं का, डॉक्टरबाई?”

बाई म्हणाल्या, कशाने गेले ते लिहावंच लागेल, नाहीतर तुम्ही सुटत नाही. काड्या कुणी आणल्या हे लिहायला माझ्या कागदावर रकाना नाही. पण ती मुलगी हुशार आहे. पहिली ओळ वाचली की तिला कळेल.

बायकोने कागद पुन्हा खणात सारले.

“मग वाचायच्या आत मी सांगते. चौकीत नको. घरात.”

६

बाईंना तिने सोबत यायला सांगितलं, शास्त्रातलं काही विचारलं तर. तसं कुणी काही विचारलं नाही.

लेक स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती. मुलगी आत झोपली होती. मावशींनी बाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, न वाढवता, न लपवता. काडीचं नाव आल्यावर लेकीचा हात टेबलावरून खाली गेला. ती रडली नाही. किती, एवढंच तिने विचारलं. मावशींनी आकडा सांगितला.

“मी पार्सलात लिहून पाठवलं होतं, पाहिजे तेवढ्या चघळा,” लेक म्हणाली. “सिगरेटपेक्षा बऱ्या.”

“आणि मी रोज डोळ्यांनी बघत होते. मलाही तसंच वाटलं. तू लांब होतीस, मी जवळ होते. यात तुझा वाटा मोठा नाही.”

लेकीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, तुम्हाला हे माझ्याआधी कळलं होतं, तुम्ही पोलिसांना सांगून मोकळ्या झाला असतात. मावशी म्हणाल्या, मोकळं होऊन जायचं कुठे? इथेच राहायचंय.

बाई उठल्या. त्यांचं तिथलं काम झालं होतं, पण पाय निघेनात. शेवटी त्यांनी एक सांगितलं, खरं होतं म्हणूनच. बाइंडरची फुप्फुसं त्यांनी पाहिली होती. चाळीस वर्षांच्या धुराने काळी होती, पण सिगरेटने येणारी ताजी सूज नव्हती. त्याने शब्द शेवटपर्यंत पाळला होता. याने लेकीला बरं वाटेल की आणखी लागेल हे त्यांना ठरवता आलं नाही.

७

तक्रार मागे घ्यायच्या दिवशी बाई अहवाल घेऊन चौकीत गेल्या. तपास अधिकाऱ्याने तो दोनदा वाचला. आरोपी म्हणून कुणाचं नाव घालू, असं त्याने विचारलं, सवयीने. कुणाचंच नाही, बाई म्हणाल्या. त्याने पेन खाली ठेवलं.

लेकीपुढे फॉर्म होता. खाली रकाना, तक्रार मागे घेण्याचं कारण. तिने पहिल्या पार्सलापासून लिहायला सुरुवात केली आणि थांबेना. रकाना संपला, समास संपला, कागद फिरवून ती मागे लिहू लागली. मावशी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी वाकून चार ओळी वाचल्या, कागद तिच्या हाताखालून हळूच काढून घेतला आणि बाकावर पालथा ठेवला.

“साहेब, दुसरा फॉर्म द्या. हा खराब झालाय.”

अधिकाऱ्याने दुसरा दिला. लेकीने तो पुढे ओढला. मग तिने लिहिलं, वैद्यकीय अहवालावरून गैरसमज दूर झाला. सही केली. मावशींनी झोपलेली मुलगी तिच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघी बाहेर पडल्या.

पहिला कागद बाकावरच राहिला होता. अधिकाऱ्याने तो उचलला, पण वाचावा की फाडावा हे त्याला ठरवता येईना. त्याने बाईंकडे पाहिलं.

तेवढ्यात लेक परत आली. धापा टाकत नव्हती, घाईतही नव्हती. फाटकापर्यंत जाऊन आली असावी.

“तो माझा आहे,” ती म्हणाली.

अधिकाऱ्याने कागद दिला. तिने त्याची घडी घातली, मग आणखी एक, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. फाटकाशी मावशी मुलीला थोपटत पाठमोऱ्या उभ्या होत्या. लेक जवळ येईपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही.